आईच्या मोतीबिंदूसाठी टोरिक लेन्स आणि लेझरचे छेद, दोन्ही सांगितलेत. दोन्हींची गरज असते का?

तुमच्या आईंचा चष्म्याचा सिलिंडर (डोळ्याची वक्रता सगळ्या दिशांना सारखी नसल्याने लागणारा नंबर) ३.२५ आहे आणि नाशिकमध्ये दोन्हींचं एकत्र पॅकेज सांगितलंय, असं तुम्ही लिहिलंय. टोरिक लेन्स हा नंबर भिंगातच भरून काढते, तर छेद कॉर्नियाची (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची) वक्रता बदलून तो कमी करतात. माझ्या मते बहुधा एकटी टोरिक लेन्स पुरेल. पण आधी चष्म्याचा आकडा बाजूला ठेवा. त्यात मोतीबिंदू झालेल्या भिंगाचाही वाटा असतो आणि तो भिंगाबरोबरच निघून जातो. उरतो तो कॉर्नियाचा. बायोमेट्रीचा (लेन्स ठरवण्यासाठी घेतलेल्या डोळ्याच्या मापांचा) रिपोर्ट मागून घ्या आणि के-१ व के-२, म्हणजे कॉर्नियाची सर्वांत कमी व सर्वांत जास्त वक्रता, यांतला फरक बघा.

हा फरक १ च्या आसपास असेल तर नुसत्या छेदांवर भागतं. साधारण ४ पर्यंत टोरिक लेन्स सांभाळते. त्याच्याही पुढे गेला, किंवा हवी ती मल्टिफोकल (जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणारी) लेन्स तेवढ्या सिलिंडरमध्ये मिळत नसेल, तरच दोन्हींचा विचार करावा. तेव्हाही आधी लेन्स बसवावी, दोन-तीन महिने थांबावं आणि उरलेल्या नंबरापुरतेच छेद द्यावेत, हे मला जास्त पटतं. कारण छेदाचा परिणाम प्रत्येक कॉर्नियात सारखा येत नाही. छेद अक्षावरून (सिलिंडरच्या दिशेवरून) जरा सरकला तर उरलेल्या सिलिंडरचा अक्षच बदलतो, आणि त्याच दिवशी बसवलेली लेन्स मात्र जुन्या हिशोबाची असते.

लेझर हे छेद ८-९ मिलिमीटरच्या वर्तुळावर, जास्त वक्र अक्षावर, कॉर्नियाच्या ८० ते ८५ टक्के जाडीपर्यंत देतो. उथळ गेला तर गुण कमी, आरपार गेला तर डोळ्यातलं पाणी झिरपतं. तिथल्या नसा कापल्या जात असल्याने कोरडेपणाही वाढतो. टोपोग्राफीत (कॉर्नियाच्या नकाशात) केराटोकोनसची (कॉर्निया पातळ होऊन पुढे येण्याची) शंका असेल तर छेद नकोतच.

लेन्सचं सगळं गणित अक्षावर चालतं. ती १ अंश फिरली की सुमारे ३ टक्के गुण जातो, १० अंशांना एक तृतीयांश, ३० अंशांना सगळाच. आडवं झोपल्यावर डोळा स्वतःभोवती काही अंश फिरतो, म्हणून अक्षाची खूण पेशंटला बसवूनच करायची. कॉर्नियाच्या कडेवर १ अंश म्हणजे जेमतेम ०.१ मिलिमीटर. पेनाचा ठिपका अर्धा मिलिमीटर पसरला तर ५ अंशांचा घोळ तिथेच झाला! खूण कशी करणार, हे नक्की विचारा.

ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी बाहुली मोठी करून लेन्सवरच्या खुणा तपासून घ्या. लेन्स फिरते ती बहुतेक पहिल्या काही तासांतच. फिरलेली असेल तर एक ते तीन आठवड्यांत पुन्हा जागेवर आणता येते. पुढे भोवतालची पिशवी (मूळ भिंगाचं आवरण) तिला घट्ट धरते. सर्जन सांगतील तोवर रामकुंडातली डुबकी आणि फवारणी चालू असलेली द्राक्षबाग, दोन्ही टाळा.