चौथं थिएटर घेण्याआधी

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

बदलापूरच्या मॉलमध्ये दोन पडद्यांची जागा मिळतेय हे वाचून बरं वाटलं. खुर्च्या किती, पडदा केवढा, सगळं लिहिलंस. भाड्याचं मात्र अवाक्षर नाही. मॉलवाले बहुधा ठरावीक रक्कम किंवा गल्ल्यातला टक्का, यातलं जे जास्त तेच मागतात. दिवाळीत ते जाणवत नाही. परीक्षा, आयपीएल, पितृपक्ष आला की त्या ठरावीक रकमेने झोप उडते.

वितरकाचं गणित तुला पाठ असेल, तरी सांगतो. २००९ मध्ये निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले गल्ल्याच्या वाटणीवरून दोन महिने भांडले. तडजोड झाली ती अशी: वितरकाला तिकिटांच्या गल्ल्यातले पहिल्या आठवड्यात ५० टक्के, मग आठवड्यागणिक ४२.५, ३७.५, ३०. पुढे करार बदलत गेले, उतरंड तीच राहिली. म्हणजे सिनेमा टिकला तर तुझी चांदी. पण हल्ली दुसऱ्या शुक्रवारी टिकतो कोण? म्हणून आपलं पोट सामोसा-पॉपकॉर्नवर. त्यात वितरकाचा वाटा नसतो.

तिकीट ठरवताना जीएसटी बघ. सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटाला ५ टक्के, शंभरच्या वरच्याला १८. म्हणजे शंभरचं तिकीट प्रेक्षकाला १०५ ला पडतं आणि एकशेवीसचं जवळजवळ १४२ ला. बदलापूरहून रोज लोकलला लटकणारा माणूस चार तिकिटं काढताना हा फरक बरोबर मोजतो.

मोठा हिंदी सिनेमा देताना वितरक सगळे शो मागेल. पीव्हीआर आणि आयनॉक्स २०२३ मध्ये एक झाले. त्यांच्यासारखी घासाघीस तुझ्या मूठभर पडद्यांना जमायची नाही. तरी चालता मराठी सिनेमा संध्याकाळच्या शोतून काढून सकाळी नऊला टाकू नकोस. तिथे तो मरतो, आणि मग आपणच म्हणतो, मराठीला प्रेक्षक नाही.

आणि ऑपरेटरला जप. एका दिवाळीत आमच्याकडे सिनेमा डिस्कवर वेळेत आला, पण तो उघडायची डिजिटल चावी भलत्याच सर्व्हरच्या नावाने निघाली होती. पाऊण तास पडदा पांढरा. बाल्कनीतली पोरं खुर्च्या आपटतायत, ऑपरेटर एका कानाला फोन लावून दुसऱ्या हाताने घाम पुसतोय. शेवटी खिडकीवर बसून मी स्वतः पैसे परत केले. त्यानंतर दर गुरुवारी रात्री चावी चढवून तपासल्याशिवाय मी घरी गेलो नाही. चार ठिकाणी तू एकटी कशी पुरणार? गुरुवारी रात्री आपणहून फोन करणारा माणूस आधी शोध, जागा मग.

मे २०१९ मध्ये दादरचं चित्रा बंद झालं तेव्हा सगळे हळहळले. त्यातले किती जण आदल्या मंगळवारी तिकीट काढून आत बसले होते, कोण जाणे. (मीही नव्हतो, खोटं कशाला बोलू.) शुक्रवारची गर्दी सिनेमाची असते गं, मंगळवारची थिएटरची. तेव्हा तीन मंगळवार बदलापूरला जा. जवळच्या थिएटरात दुपारच्या शोला बस आणि डोकी मोज.

आकडे घेऊन दादरला ये. कराराची प्रतही आण. सही न केलेली.

तुझा,
काका