चौपट घटलं, असं लिहिण्याआधी

कोल्हापूर

प्रिय पोरी,

तुझा तक्ता पाहिला. रुग्णांच्या प्लाझ्मात (रक्तातल्या द्रवात) तुझा मायक्रोआरएनए, म्हणजे तो अगदी छोटा आरएनए रेणू, चौपटीनं घटलाय आणि तू लेख लिहायला बसलीस. लेख जरा बाजूला ठेव आणि सीटीचे कच्चे आकडे उघड. (सीटी म्हणजे पीसीआरमध्ये, प्रती वाढवत मोजताना, रेणू ज्या सायकलीला दिसू लागतो तो आकडा; रेणू जितका जास्त, तितका तो आधी येतो.)

तुझ्या मायक्रोआरएनएचा सीटी दोन्ही गटांत जवळपास सारखाच आहे. हललाय तो संदर्भ म्हणून, म्हणजे तुलनेसाठी घेतलेला दुसरा मायक्रोआरएनए, मिर-१६. रुग्णांत तो २ सायकल आधीच येतोय. सायकलमागे दुप्पट, म्हणजे २ सायकलींत चौपट. तुझी सगळी घट त्यातनंच आलीय. आपल्याकडं उसाचं वजन कमी भरलं की शेतकरी आधी काट्याकडं बघतो, उसाकडं नाही.

मिर-१६ तांबड्या पेशींत भरपूर असतो. पेशी फुटल्या की प्लाझ्मात उतरतो. निरोगी लोकांचं रक्त तू विद्यापीठात काढून लगेच सेंट्रिफ्यूजला लावलंस. रुग्णांचं मात्र गडहिंग्लजहून हादरे खात आलं, आणि तेही दुपारी! त्या ट्यूबा उजेडात धर. पिवळसर प्लाझ्माला गुलाबी झाक असेल तर पेशी फुटल्यात. पण नुसत्या नजरेवर जाऊ नकोस, ४१४ नॅनोमीटरला शोषण मोज. हिमोग्लोबिन तिथं सापडतं. शिवाय मिर-२३ए आणि मिर-४५१ए हे दोन मायक्रोआरएनएही मोज. पहिला पेशी फुटल्या तरी फारसा हलत नाही, दुसरा तांबड्या पेशींत ठासून भरलेला. पहिल्याच्या सीटीतनं दुसऱ्याचा वजा कर. फरक ७-८ च्या वर गेला तर तो नमुना घेऊ नकोस, कितीही जीव तुटला तरी.

बाहेरून घालायचा संदर्भ म्हणून सी. एलिगन्स या कृमीचा मिर-३९ वापर. (१९९३ साली पहिला मायक्रोआरएनए सापडला तो याच कृमीत.) तो लायसिस बफर (आरएनए मोकळा करणारं द्रावण) घातल्यावरच टाकायचा, थेट प्लाझ्मात टाकलास तर तिथले आरएनेझ त्याला खाऊन टाकतील. आणि तो फक्त आरएनए काढताना आणि आरटीत (आरएनएचा डीएनए करताना) झालेला फरक दाखवतो. फुटलेल्या पेशींचं त्याला काही कळत नाही.

आरटीत स्टेम-लूप प्रायमर कशाला, असं तू विचारलंस. मायक्रोआरएनए हा सुमारे २२ अक्षरांचा रेणू, म्हणजे जेमतेम एका प्रायमरएवढा (प्रत सुरू करून देणाऱ्या तुकड्याएवढा), म्हणून स्टेम-लूप प्रायमर त्याच्या ३ प्राइम टोकाची ६ अक्षरं धरून त्याला लांब करतो. ते तुझं ठीक चाललंय. आरटी एन्झाइम न घातलेली एक ट्यूब मात्र प्रत्येक वेळी ठेव. रक्त गोठू नये म्हणून ते ईडीटीएतच घे, हेपरिनमध्ये नको; हेपरिन पीसीआर अडवतं.

मी गुरुवारी विभागात येतोय. ४१४ चे आकडे तेवढे काढून ठेव, नमुन्यागणिक.

तुझा,
सर