थंडीनंतर आरव्हीचा (राहायची सोय असलेल्या गाडीचा) वॉटर हीटर गळतोय? आधी हे बघा

घाबरू नका, हीटरपाशी पाणी दिसलं म्हणजे टाकीच फुटली असं नसतं, बऱ्याचदा ड्रेन प्लग (टाकी रिकामी करायचं बूच) नाहीतर एखादं फिटिंग असतं. आधी हीटरचा गॅस आणि वीज दोन्ही बंद. टाकी पूर्ण भरल्याशिवाय हीटर चालू करायचाच नाही, रिकाम्या टाकीत इलेक्ट्रिक एलिमेंट बघता बघता जळतं आणि नवीन लोकांची सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

मग सगळं फडक्याने कोरडं करा, प्रत्येक जॉइंटखाली टिश्यू पेपर ठेवा, नुसत्या थंड पाण्यावर पंप लावा आणि शांतपणे बघत बसा. पाणी पाइपवरून ओघळत भलतीकडेच टपकतं, म्हणून खालच्या डबक्यावर जाऊ नका, पहिला टिश्यू कुठला भिजला ते बघा.

- ड्रेन प्लग: पाणी गार झाल्यावर, प्रेशर सोडून मगच काढा, नवीन टेफ्लॉन टेप गुंडाळा. प्लास्टिकचा असेल तर जोर लावून आवळू नका, आटे जातात.
- मागचे बायपास व्हॉल्व्ह (हीटर वगळून पाणी वळवणारे): थंडीत आत राहिलेलं पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं, त्याने केसाएवढी चीर पडते आणि ती प्रेशर आल्यावरच दिसते.
- रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचं प्रेशर बाहेर सोडणारा): फक्त तापतानाच थेंब येत असतील तर बहुतेक टाकीतली वरची हवेची जागा पाण्याने भरलीय. या व्हॉल्व्हला बूच कधीच मारू नका, टाकी फुटू शकते!

सगळे जॉइंट कोरडे आणि तरी इन्सुलेशनमधून पाणी झिरपतंय? मग टाकीच गेलीय, चिकटवत बसू नका, बदलून घ्या.