अर्ज चांगलाच होता

समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या तरुणांकडून एक तक्रार इतक्यांदा ऐकली आहे की आता पहिल्या पाच मिनिटांतच तिची चाहूल लागते. 'ताई, आमच्या घरात मी पहिलाच शिकलेला. नोकरी बरी आहे. पण ऑफिसात त्या लोकांत बसलं की तोंडच उघडत नाही. बोललो तर कळेल, लिहिलं तर आणखीच कळेल.' काय कळेल? आपण कुठल्या घरातून आलो ते. रिक्षावाल्याचा मुलगा असो, धुणीभांडी करणाऱ्या बाईंची मुलगी असो, नाहीतर शेतमजुराच्या घरातून आलेला प्राध्यापक. शब्द थोडे बदलतात, धास्ती तीच. त्यातही लिहिण्याची धास्ती जास्त. बोललेलं हवेत विरून जातं, लिहिलेलं पुढ्यात राहतं आणि कुणीही त्यावर लाल रेघ मारू शकतं.

या सगळ्यांना जे सांगावंसं वाटतं, ते सुवर्णाच्या निमित्ताने सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सुवर्णाचे आजी-आजोबा 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातून पुण्याला आले आणि एका वस्तीत राहिले ते कायमचेच. आई कचरावेचक. आधी रस्त्यावरच्या कचराकुंड्यांतून वेचायची, आता सोसायट्यांमध्ये दारोदार जाऊन कचरा गोळा करते. पुण्यात या कष्टकऱ्यांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' 1993 मध्ये उभी राहिली आणि पुढे महापालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रं मिळू लागली. आईचं ते कार्ड सुवर्णाने लहानपणी कितीदा तरी हातात घेऊन पाहिलेलं. मुलगी एम.ए. झाली, एका कंपनीच्या समाजकार्य विभागात लागली. मराठी अहवाल आणि पत्रव्यवहार तिच्याकडे आला.

आणि एका बैठकीत वरिष्ठांनी तिचा अहवाल टेबलावर टाकून सगळ्यांसमोर म्हटलं, "हे कुणीतरी नीट मराठीत लिहून काढा रे."

त्यानंतर तिची झोप उडाली. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत एकेक परिच्छेद पुन्हा पुन्हा लिहायची. डबा खायला इतरांबरोबर बसणं बंद केलं, कारण तिथे घरच्या गप्पा निघतात. कुणी विचारलंच तर "आई महापालिकेत आहे" असं सांगायची आणि मग दिवसभर स्वतःवर चिडायची.

पहिल्या भेटीत मी तिला 'तुम्ही' म्हटलं तर ती संकोचली. "ताई, मला अहो-जाहो नका करू." माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीला मी अहोच म्हणते, मग ती कुणीही असो. हे मी तिला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "माझ्या आईला साठीला आली तरी सोसायटीतली शाळकरी पोरं 'ए मावशी, इकडे ये' म्हणतात. तिला कुणी अहो म्हटलेलं मी ऐकलंच नाही." आमचं खरं काम तिथून सुरू झालं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. माणसाची किंमत त्याच्या घरावरून, कामावरून, जातीवरून ठरवणारे लोक आहेत. ही सुवर्णाच्या मनाची कल्पना नव्हे. विचार बदलल्याने अन्याय नाहीसा होत नाही, आणि जिथे तक्रार करायची तिथे तक्रारच करायला हवी. जातीवरून अपमान झाला तर 1989 चा अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. मी ज्याबद्दल बोलते आहे ते त्याच्या पुढचं: समोरच्याने दिलेला कमी मान आपणच खरा मानून स्वतःला तेवढाच देणं.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीत घडलेली समुपदेशक आहे. या पद्धतीचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग असा: माणसाच्या कृतीला गुण द्या, माणसाला देऊ नका. ऐकायला सोपं, पण अंगी बाणवायला अवघड, कारण शाळेत पाऊल टाकल्यापासून आपल्याला उलटंच शिकवलेलं असतं. निबंधात चुका झाल्या की निबंध कच्चा असं नाही म्हणत, मुलगा कच्चा म्हणतात.

सुवर्णाने एकदा नवा अहवाल आणला. त्यातलं एक वाक्य मी तिला मोठ्याने वाचायला सांगितलं. "सदर उपक्रमाच्या माध्यमातून लाभार्थी महिलांच्या सर्वांगीण सक्षमीकरणाच्या दृष्टिकोनातून विविध घटकांच्या समन्वयाने उल्लेखनीय फलनिष्पत्ती साध्य करण्यात आलेली आहे." वाचता वाचता तिलाच दम लागला.

"म्हणजे नेमकं काय झालं?"

"22 बायकांना शिलाई मशिनं दिली. त्यातल्या 7 जणी कमवायला लागल्या."

"मग हेच का नाही लिहिलंत?"

"इतकं साधं? त्यांना वाटेल हिला येतच नाही."

हे वाक्य माझ्या कानावर अनेकदा आलेलं आहे. ज्या घरात तीन पिढ्या पुस्तकं आहेत, तिथला माणूस साधं लिहायला घाबरत नाही. त्याच्या साधेपणाला लोक शैली म्हणतात. ज्याच्या घरात पहिलं पुस्तक त्यानेच आणलं, तो जड शब्दांच्या आड उभा राहतो. सुवर्णा लिहीत नव्हती, लपत होती.

इथे पुष्कळ जण सल्ला देतात, "सोडून द्या हो ते शुद्धलेखन, भावना महत्त्वाची." मला हे पटत नाही. चांगलं लिहिता यावं ही इच्छा निरोगी आहे. तिला चांगलं लिहायचं होतं, मनापासून लिहायचं होतं, आणि ते मला कौतुकाचं वाटत होतं. अडचण एवढीच होती की प्रत्येक ऱ्हस्व-दीर्घावर ती स्वतःची लायकी टांगत होती. मी तिला विचारलं, "शुद्ध मराठी म्हणजे काय, हे कुणी ठरवलं?" तिच्या मते ते काही घरांत जन्मतःच येतं. मी तिला नियमांची पुस्तिका दिली. मराठी साहित्य महामंडळाचे 14 नियम 1962 मध्ये आले, 1972 मध्ये आणखी 4 वाढले. एकूण 18.

"फक्त 18?"

फक्त 18. माणसांनी बैठक घेऊन केलेले, चंद्रपूरच्या आणि सावंतवाडीच्या वाचकाला एकच मजकूर विनासायास वाचता यावा म्हणून. ते पाठ करता येतात, चुकले तर दुरुस्त करता येतात. 'पूल' दीर्घ आणि 'पुलाखाली' ऱ्हस्व का, 'वकील' पण 'वकिलांना' का, हे कळल्यावर तिच्या चेहऱ्यावर जो राग आला तो मला फार आवडला. "एवढ्यासाठी मी पंधरा वर्षं घाबरत होते?" आपल्या वस्तीतली बाई 'पानी' म्हणते ते बोलणं चुकीचं नाही, लिहिताना 'पाणी' लिहायचं असा संकेत आहे, इतकंच. संकेत शिकून घ्यायचे असतात.

पण नियम कळणं वेगळं आणि मान ताठ होणं वेगळं. ते घडलं एका जुन्या अर्जामुळे.

मी तिला म्हटलं होतं, "कुणाला दाखवायचं म्हणून नाही, तर काम व्हावं म्हणून तुम्ही लिहिलेलं काहीतरी आणा." बराच काळ काही आणलं नाही. मग एक दिवस रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीतून घडीवर फाटलेला, रेघांच्या वहीचा कागद निघाला. आईने जपून ठेवलेली प्रत. सुवर्णाने आठवीत असताना गल्लीतल्या बायकांसाठी क्षेत्रीय कार्यालयाला लिहिलेला अर्ज होता तो. तिच्या परवानगीने त्यातला भाग देते:

'आमच्या गल्लीत 60 घरांना एक नळ आहे. पाणी पहाटे पाच वाजता येते आनि सात वाजता जाते. आमच्या आया कचरा वेचायला साडेपाचला निघतात. त्यामुळे पाणी मुली भरतात व त्यांची सकाळची शाळा बुडते. पाणी चार वाजता सोडले तर आया भरतील व मुली शाळेत जातील. जास्त पाणी मागत नाही. फक्त वेळ बदलावी.'

मी वाचत असतानाच तिने बोट ठेवलं. "बघा. 'आनि'."

"दिसलं. बाकी अर्ज कसा आहे?"

तिने तो असा वाचला की जणू दुसऱ्या कुणाचा आहे. मग हळूच म्हणाली, "स्पष्ट आहे."

"काय झालं याचं?"

"महिना गेला. मग पाणी सव्वाचारला यायला लागलं."

"अर्ज वाचणाऱ्या साहेबांना तुमची आई काय करते हे माहीत होतं?"

"त्यातच लिहिलंय की."

ती थांबली. इथे एखादा समुपदेशक सुटकेचा श्वास टाकून म्हणेल, बघा, खरं सांगितलंत आणि मान मिळाला! मला तो मोह पडत नाही. असं म्हटलं तर मान पुन्हा साहेबाच्याच हातात दिल्यासारखं होतं. उद्या दुसरा साहेब भेटेल. म्हणून मी विचारलं, "आणि साहेबांनी तो न वाचता केराच्या टोपलीत टाकला असता तर?"

बराच वेळ ती कागदाकडे पाहत राहिली. मी मध्ये बोलले नाही. इतक्या वर्षांच्या सरावाने एक कसब माझ्या हाताला लागलं आहे, ते म्हणजे अशा वेळी गप्प राहणं.

"तरी अर्ज चांगलाच होता," ती म्हणाली. "साहेब वाईट ठरला असता." मग पुन्हा विचार करून, "साहेबही नाही. त्याचं काम वाईट ठरलं असतं."

जो फरक समजावून सांगायला मी व्याख्यानं देते, तो तिने स्वतःच्या तोंडाने, तोही अर्ज केरात टाकू शकणाऱ्या साहेबाच्या बाबतीत करून दाखवला. समोरच्याला ही सवलत देता आली की ती स्वतःला द्यायला फार वेळ लागत नाही. 'आनि' चुकलं म्हणून सुवर्णा चुकीची ठरत नाही, आणि अर्ज चांगला म्हणून ती थोरही ठरत नाही. माणूस मोजायचा नाहीच. मोजायचं असेल तर वाक्य मोजा.

अशा वेळी लोक नारायण सुर्वे, अण्णा भाऊ साठे यांची उदाहरणं देतात. मी सहसा देत नाही. आधीच स्वतःला मोजत बसलेल्या माणसाच्या हाती आपण आणखी मोठी फूटपट्टी देतो. सुवर्णाच म्हणाली होती, "ते मोठे लोक. मला फक्त अहवाल नीट लिहायचाय." तिला मी मुक्ता साळवेचा निबंध दिला, तोही आदर्श म्हणून नव्हे, मांडणी कशी आहे ते बघा म्हणून. पुण्यातली मातंग समाजातली मुलगी, वय चौदाच्या आसपास, फुल्यांच्या शाळेत तीन वर्षं शिकलेली. तिचा निबंध 1855 मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. वेद फक्त आमचेच, असं ब्राह्मण म्हणतात, हा मुद्दा ती आधी मान्य करून घेते आणि मग त्याच्याच जोरावर देवाला विचारते की आमचा धर्म कोणता ते तरी सांग. मान मिळावा म्हणून कुठे आर्जव नाही, मुद्दा आहे. सुवर्णा वाचून आली आणि एवढंच म्हणाली, "तिने कुठेच मोठा शब्द वापरलेला नाही."

पुढचं काम मग सरावाचं होतं. लिहायला बसताना एकच वाचक डोळ्यांपुढे ठेवायचा आणि त्याला काय कळायला हवं ते आधी तोंडाने बोलून बघायचं, मग लिहायचं. लिहिलेलं मोठ्याने वाचायचं. जिथे दम लागतो तिथे वाक्य तोडायचं. शुद्धलेखन सगळ्यात शेवटी तपासायचं, आणि ते दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्यायला लाजायचं नाही. छापून येणारे सगळे लेखक मुद्रितशोधकाकडून तपासून घेतातच. आणि कुणी "तुमची भाषा कच्ची आहे" म्हणालं तर शांतपणे विचारायचं, "कुठलं वाक्य?" हा प्रश्न मी सगळ्यांनाच शिकवते. समोरच्याने वाक्य दाखवलं तर आपला फायदा. दाखवता आलं नाही तर त्याचा रोख भाषेवर नव्हता हे त्यालाही कळतं, आपल्यालाही.

सुवर्णाने तो वापरला. त्या वरिष्ठांनी तीन वाक्यांवर खुणा करून दिल्या. दोन ठिकाणी ते बरोबर होते, तिने दुरुस्त केलं. तिसऱ्या ठिकाणी त्यांनी '22 बायका' खोडून 'लाभार्थी महिलावर्ग' केलं होतं. तिने आकडा राहू द्या म्हणून सांगितलं आणि आकडा राहिला. बायकांचा महिलावर्ग मात्र झालाच.

डबा खाताना एकदा तिने सांगून टाकलं की आई कचरा वेचते. एकीने "माझी आजी भाजी विकायची" म्हणत डबा पुढे सरकवला. दुसरी त्या दिवसापासून जरा लांबच बसते. सुवर्णाला आठवडाभर वाईट वाटलं. वाईट वाटणारच. पण रात्री दोनपर्यंत बसून त्या मुलीला पटेल असं काही लिहावंसं वाटलं नाही, हे तिने मला आवर्जून सांगितलं.

यावर नेहमी एक प्रश्न येतो: घरचं सगळ्यांना सांगायलाच हवं का? मुळीच नाही. आई-वडील काय करतात ही तुमची खासगी गोष्ट आहे आणि ती न सांगण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. फक्त स्वतःला विचारून बघा, सांगत नाही ते सांगावंसं वाटत नाही म्हणून, की सांगितलं तर आपण लहान होऊ म्हणून? पहिलं असेल तर खुशाल गप्प राहा. दुसरं असेल, तर आधी एखाद्या विश्वासाच्या माणसाला, एका साध्या वाक्यात सांगून बघा. त्याला 'पण' जोडू नका. 'पण आम्हाला तिने खूप शिकवलं' हेही नको. तेवढं वाक्य बोलून झालं की पुढचं समोरच्याला बोलू द्या.