वडील दिवसभर लहानपणच सांगत बसतात, थांबवावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ७६ वर्षांचे, आई गेल्यावर अंबाजोगाईजवळच्या गावातून त्यांना छत्रपती संभाजीनगरच्या फ्लॅटवर आणलं, आणि आता दिवसभर लहानपणीचे तेच ते किस्से चालू असतात. अशा आठवणींनी माणूस म्हातारपणी मनानं तरुण राहतो की त्यातच अडकून पडतो, आणि त्यांना यातून बाहेर काढावं का?

नका काढू. गावातून काढलं, वाड्यातून काढलं, आता डोक्यात उरलेल्या गावातूनही काढायचं? हा प्रश्न वाचून मला राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

पण नुसतं मान डोलावत ऐकत बसणं हाही उपाय नाही. तोच किस्सा दहाव्यांदा सांगताना माणूस आठवत नसतो, मागच्या वेळी जे सांगितलं तेच पाढ्यासारखं म्हणत असतो. त्याला कंटाळा येतो, तुम्हालाही येतो. त्याच माणसाच्या हातात त्या वयातली वस्तू ठेवा आणि तिचं काहीतरी करायला लावा, की पाढा तुटतो आणि कधी न ऐकलेलं बाहेर येतं. तेव्हा गोष्टी कमी करा, काम वाढवा.

पूर्वी डॉक्टरसुद्धा म्हाताऱ्यांचं जुनं उगाळणं हे मेंदू थकल्याचं लक्षण मानायचे. १९६३ मध्ये रॉबर्ट बटलर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञानं उलट मांडलं, की उतारवयात आयुष्य मागं वळून बघणं हे मनाचं नेहमीचं काम आहे. साधारण दहा ते तीस वर्षांच्या वयातल्या आठवणी म्हातारपणी सगळ्यांत जास्त वर येतात, हेही आता माहीत आहे. आणि १९७९ मध्ये हार्वर्डच्या मानसशास्त्रज्ञ एलन लँगर यांनी सत्तरीतल्या काही पुरुषांना एका जुन्या मठात नेऊन ठेवलं. तिथं सगळं १९५९ सालचं मांडलेलं होतं. एका गटानं ते साल चालू आहे असं धरून वागायचं, दुसऱ्या गटानं त्या काळाबद्दल फक्त बोलायचं. तब्येतीत फरक दोन्हीकडे पडला, पण जे तसं वागले त्यांच्यात जास्त. माणसं मोजकीच होती, तेव्हा त्या प्रयोगावर फार भार टाकू नका. दिशा मात्र मला पटते.

आता करायचं काय. मी सगळ्यांना एकच सुरुवात सांगते: चिंचोके आणि पट, म्हणजे चिंचोके टाकून पडेल त्या दानानं पटावर सोंगट्या चालवायचा जुना खेळ. तुमच्या भागात त्याला चल्लस-आठ म्हणत असतील, कुठं चंफूल म्हणतात. नाव वडिलांनाच विचारा, ते म्हणतील तेच खरं.

तयार पट विकत आणू नका, फोनवरचा तर मुळीच नको. चिंचोके घासण्यापासून सुरुवात झाली पाहिजे, कारण निम्मी आठवण त्या घासण्यातच आहे. किराणा दुकानातल्या न फोडलेल्या चिंचेतून दहा-बारा मोठे, टपोरे चिंचोके काढा. लागतात चारच, पण निम्मे वाया जातात. धुऊन दोन दिवस उन्हात ठेवा. ओलसर चिंचोका घासताना साल सोलून निघते आणि काळी बाजू डागाळते. मग शहाबादी फरशीचा तुकडा घ्या, गुळगुळीत नव्हे, खालची खरबरीत बाजू. पाण्याचे दोन थेंब टाकून चिंचोक्याची एकच बाजू घासायची. पाच-सात मिनिटांत पांढरा डोळा दिसायला लागतो. तो डोळा चिंचोक्याच्या पूर्ण रुंदीइतका झाला की थांबायचं. नवशिक्या इथंच चुकतो. त्याला आणखी गुळगुळीत करायची हाव सुटते, चिंचोका पातळ होतो आणि मग एकतर तुकडा उडतो, नाहीतर तो सारखा एकाच अंगावर पडतो. तपासायचं असेल तर एकेक चिंचोका चाळीस वेळा टाका. पांढरी बाजू पंधरा ते पंचवीस वेळा वर आली तर ठीक, नाहीतर दुसरा घासा.

हे घासण्याचं काम वडिलांकडे द्या. "तुम्ही लहानपणी काय खेळायचा?" असं विचारू नका, त्या प्रश्नाला पाठ केलेलं उत्तर येतं. फरशी आणि चिंचोका पुढं ठेवा आणि म्हणा, "आबा, हे जमंना झालंय, जरा बघता का?" मग बोटं काय करतात ते बघा. आधी अंगठ्यानं चिंचोका चाचपतात, कुठली बाजू सपाट ते शोधतात, फरशीवर एकदा कोरडाच फिरवून बघतात. शिकवणाऱ्याच्या जागी बसलेला म्हातारा माणूस पाठ सरळ करून बसतो, हे मी कितीदा पाहिलंय. मनाचं तरुणपण म्हणतात त्यातलं मला डोळ्यांनी दिसलेलं हे एवढंच आहे.

पट पाच बाय पाच, पंचवीस घरांचा. मधल्या घरात आणि चारही कडांच्या मधल्या घरात फुली. पोरं जमिनीवर एक वीत चौकोनात मांडतात, पण छहात्तराव्या वर्षी मांडी घालून खाली वाकणं जमत नाही. एक घर चार इंचांचं धरून वीस इंचांचा पट पुठ्ठ्यावर काढा आणि गुडघ्याच्या उंचीच्या टेबलावर ठेवा. रेघा जाड आणि काळ्या, पुठ्ठा पांढरा. मोतीबिंदू असला तर खडूच्या रेघा दिसत नाहीत, आणि दिसत नाही हे सांगायला माणूस लाजतो, मग "मला नाही खेळायचं" म्हणून उठून जातो. उजेड खिडकीचा आणि बाजूनं हवा, डोळ्यांवर नको. सोंगट्या प्रत्येकाच्या चार: बांगडीचे तुकडे, शर्टाच्या गुंड्या, खडे, तुरीच्या काड्या. नुसत्या रंगावर वेगळेपण ठेवू नका, आकारही वेगळा हवा. चिंचोके काचेवर किंवा टाइल्सवर टाकले तर उडून सोफ्याखाली जातात. टाकायच्या जागेवर वाकळेचा तुकडा अंथरा. बोटं आखडत असतील तर वाटीत खुळखुळवून उपडे करू द्या.

चाल तुम्हाला ठाऊक असेलच. पांढरी बाजू वर पडेल तितकं दान, चारही पांढरे तर चार, चारही काळे तर आठ, आणि चार-आठ पडलं की पुन्हा दान. आपल्या कडेच्या फुलीवरून निघून बाहेरच्या सोळा घरांची फेरी, आपल्या फुलीच्या अलीकडच्या घरातून आत वळायचं, मग आतली आठ घरं उलट्या दिशेनं आणि शेवटी मधली फुली. म्हणजे एक सोंगटी पिकायला, मधल्या फुलीत पोचायला, चोवीस पावलं. चिंचोके नीट घासलेले असले तर सोळा दानांत सरासरी सहा वेळा दोन पडतात, एक आणि तीन चार-चार वेळा, चार आणि आठ एकेकदाच. म्हणून नवा माणूस आठाची वाट बघत बसतो आणि जुना माणूस दोनाच्या हिशोबानं सोंगट्या लावतो. वडील कसे खेळतात ते याच नजरेनं बघा. त्यांची चाल अजून किती शाबूत आहे ते किश्श्यांपेक्षा इथं जास्त कळेल.

खरी गंमत नियमांच्या भांडणात आहे. दुसऱ्याची सोंगटी मारल्याशिवाय आत जाता येतं का? सलग तीन आठ पडले तर ते जळतात का? सोंगटी बाहेर काढायला चार किंवा आठच लागतात का? गावागणिक नियम वेगळे. इथं फोन काढून "बरोबर" नियम शोधला तर सगळं मातीत घातलंत असं समजा. त्यांच्या गावचा नियम तोच नियम. नातवानं हुज्जत घातली तर घालू द्या, त्या हुज्जतीतच पारावरची माणसं, कोण खोटं दान टाकायचं, कुणाला मार बसला, हे सगळं निघतं. आणि मुद्दाम हरू नका. दोन डावांत ओळखतात आणि तिसऱ्याला बसत नाहीत.

वेळ दुपारची चार ते पावणेपाच. जेवणावर झोप येते आणि संध्याकाळी दिवे लागले की पुष्कळ म्हाताऱ्यांचं मन आपोआप उदास होतं, तेव्हा जुनं काढलं तर रडणंच जास्त होतं. आठवड्यात तीन दिवस पुरे. रोज लावलात तर तेही औषधाच्या गोळीसारखं होईल.

खेळ नकोच म्हणाले तर पैशांचा हिशोब काढा. नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले, तेव्हा वडील सात-आठ वर्षांचे असणार. आण्याला सहा नवे पैसे मिळायचे, पण चार आण्यांना पंचवीस, म्हणजे चार जण एकेक आणा घेऊन वेगळे गेले की एक पैसा कमी. त्या पैशाचं काय व्हायचं ते विचारा. त्यांच्या वडिलांच्या तोंडी निजामाचा हाली रुपया असेल, तोही निघेल. लातूर-धाराशिवकडची माणसं असली तर येळवसची, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाची आंबील पुरते: ज्वारीचं पीठ ताकात शिजवून, लसूण-जिरं घालून रात्रभर मातीच्या भांड्यात. स्टीलच्या भांड्यात केलीत तर चव जवळपास तीच येते, पण वास तो नसतो, आणि आठवण वासावर येते. आई-आजीसाठी जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी गोळा करायला सुरुवात केलेल्या संग्रहात एक लाखाहून जास्त ओव्या आहेत, त्यातल्या ऐकवता येतात. तरी जातं नसलं तर निदान हाताला खुंटा धरल्यासारखी गोल फेरी हवी, बसून म्हणताना दुसरी ओळ अडते.

आता एक बोलूनच टाकते. आमचे थोरले दीर वीस वर्षं मला ऐकवतात, "साठी झाली की माणसानं माळ घ्यावी, नाव घ्यावं, ह्या वयात पोरखेळ शोभत नाहीत." भजनाला माझा कधीच विरोध नव्हता. पण टाळ धरणं शोभतं आणि चिंचोके धरणं शोभत नाही, हे कुणी ठरवलं? जुन्या देवळांच्या दगडी ओट्यांवर पट कोरलेले आजही सापडतात, ते देवाच्या दारात बसून मोठ्या माणसांनीच कोरलेले असणार. म्हाताऱ्या माणसाला लाज घालून गप्प बसवायचं आणि मग तो घुमा झाला, चिडका झाला म्हणून तक्रार करायची, हे मला सहन होत नाही. भाऊजी, तुम्ही हे वाचलंत तर माझं उत्तर अजून तेच आहे.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. प्रत्येकाचं लहानपण गोड नसतं. वडिलांनी एखादं वर्ष, एखादा भाऊ, एखादं घर नेहमी वगळलं तर तिथं खोदू नका. १९७२ च्या दुष्काळात ते बावीस-तेवीस वर्षांचे असतील. खडी फोडण्याचं, सुकडीचं, मिलो ज्वारीचं ते स्वतःहून बोलले तर ऐका, तुम्ही विषय काढू नका. लातूर-धाराशिवकडच्या माणसांच्या बाबतीत ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या किल्लारी भूकंपाचंही तसंच.

दुसरं, तोच किस्सा रोज सांगणं वेगळं आणि दहा मिनिटांपूर्वी सांगितल्याचं भान नसणं वेगळं. आत्ता जेवल्याचं विसरणं, ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, पैशांचा हिशोब अचानक न जमणं, रात्री उठून "गावाला जायचंय" म्हणून दार उघडणं, यातलं काही दिसलं तर चिंचोके बाजूला ठेवून डॉक्टरांकडे न्या. कानाची तपासणीही करून घ्या. ऐकू कमी येणारा माणूस कधीकधी स्वतःच जास्त बोलतो, कारण दुसऱ्याचं ऐकण्याचा त्रास त्याला नको असतो, आणि घरच्यांना वाटतं हे जुन्यात अडकले. तुमच्याकडे आई जाऊन किती महिने झाले ते तुम्ही लिहिलेलं नाही. सहा महिने झाले नसतील तर हा सगळा बोलण्याचा पूर दुःखाचाही असू शकतो. तेव्हा पहिले काही दिवस पट नको, नुसती फरशी आणि चिंचोके द्या.

आणि घासताना एखादा चिंचोका पाण्याशिवाय कोरडा, जोरात घासू द्या. तो चांगलाच तापतो. नातवाला शेजारी बसवा, हात उघडे ठेवून. वडील तो चिंचोका त्याच्या दंडाला लावतात का, एवढं बघा आणि मला कळवा.