चोर बाजारातून जहाजावरचा जुना पितळी दिवा आणलाय. घरीच दुरुस्त करून दाराबाहेर लावता येईल का?

नक्की येईल. दापोलीला आमच्या पडवीच्या बाहेर असाच दिवा आहे, चोर बाजारातल्याच मटन स्ट्रीटवरून आणलेला. ओतीव पितळ, जाड काच, वर पिंजरा. मुंबईच्या दारूखाना भागात किंवा गुजरातमधल्या अलंगला जहाजं तोडतात, तिथून हे दिवे बाजारात येतात.

सगळे आधी चकाकीच्या मागे लागतात. चिंच-मीठ चोळा, धुवा, कोरडं करा, पुरे. खाचांतला काळपटपणा राहू द्या, त्यातच त्याचं वय दिसतं. समुद्राजवळ पितळ पुन्हा काळवंडतंच. जुना रंग असेल तर कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. ओला पॉलिश पेपर वापरा. आतल्या वायरवर पांढरं, सुतासारखं वेष्टण असेल तर ते सोलू नका. ते अॅस्बेस्टॉस असू शकतं. ओलं करून तसंच पिशवीत बांधा. जाम झालेल्या स्क्रूंवर रात्रभर रॉकेल सोडा. जोर लावलात तर पितळेचा कान तुटतो, आणि तो परत मिळत नाही.

खरी मेहनत आत घ्या. माझ्या दिव्याचं काचेखालचं रबर हातात घेतलं तर पापडासारखं मोडलं. 3 मिमीच्या निओप्रिन शीटमधून नवं कापलं. होल्डर चिनी मातीचा, आपल्या नेहमीच्या पिनवाल्या बल्बचा घातला. बंद काचेत एलईडीला गरम होतं, म्हणून 5 वॉटच्या वर जाऊ नका.

माझी चूक सांगतो. वायरचं भोक वर ठेवून दिवा लावला. जुलैत एका सकाळी पाहतो तर काचेत बोटभर पाणी! पाणी वायरीवरूनच ओघळत आत गेलं होतं. मग दिवा उतरवून उलटा फिरवला, भोक खाली घेतलं, ग्लँड (भोकात वायरीभोवती घट्ट आवळून पाणी अडवणारी बूच) बसवली आणि वायरीला खाली झोळ दिला, म्हणजे थेंब झोळावरूनच गळतो. भिंतीशी सिलिकॉन वर आणि दोन्ही बाजूंना लावा, खाली मोकळं सोडा. मागे शिरलेल्या पाण्याला वाट हवी. जांभ्याच्या भिंतीत स्क्रूची छोटी गिट्टी धरत नाही, लांब घ्या.

अर्थिंगवर मात्र मी अडून बसेन. अख्खं अंग धातूचं आहे आणि पावसात ओल्या हाताने कुणीही त्याला हात लावणार. तीन तारांची वायर आणा, हिरवी तार थेट पितळेला स्क्रूने आवळा, वर रंग असेल तर तेवढी जागा ओल्या पॉलिश पेपरने घासून. बोर्डावर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, हवीच. घरात अर्थिंग आहे की नाही हे वायरमनकडून तपासून घेतल्याशिवाय मेन चालू करू नका.

तुमच्या दिव्याचं भोक कुठल्या बाजूला आहे आणि भिंत कशाची आहे, ते कळवा. त्यावरून ग्लँड आणि स्क्रूचं माप सांगतो.