पाटी समोर ठेवली की मुलगा पळतो

प्रश्न : आम्ही कर्नाटकातील खानापूर तालुक्यातील एका गावात राहतो. मुलगा साडेपाच वर्षांचा, तर मुलगी तीन वर्षांची आहे. धाक न दाखवता दोघांनाही घरीच शिकवायचे, असे आम्ही ठरवले आहे. मुलगा तासन्‌तास गोष्टी ऐकतो, पण पाटी पाहताच उठून पळतो. शेजारची मुले बाराखडी गिरवतात, सासूबाई रोज विचारतात, आणि आता माझाही धीर सुटत चालला आहे. शिवाय कन्नडचे काय करावे?
– एक आई

उत्तर : ताई, मुलगा तासन्‌तास गोष्टी ऐकतो, हे तुम्ही ओघात लिहून गेलात, तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाची गोष्ट मला तीच वाटते. घटनांचा क्रम ध्यानात ठेवणे, पुढे काय होईल याचा अंदाज बांधणे, अडलेला शब्द विचारणे, ही सारी वाचनाचीच पूर्वतयारी असून ती तुमच्या घरात रोज चालू आहे. राहिला प्रश्न लिहिण्याचा. त्यासाठी बोटांत जे बळ आणि जो नेमकेपणा लागतो, तो सगळ्या मुलांना एकाच वयात येत नाही. म्हणून तूर्त पाटी बाजूला ठेवा आणि त्याच्या हातांना शेंगा सोलण्याचे, कणीक मळण्याचे काम द्या. परातीत तांदळाचा पातळ थर पसरून त्यात बोटाने ‘र’ काढू द्या. बिघडला तर परात हलवली की झाले, खाडाखोड दिसत नाही आणि कोणी रागावतही नाही. पाच-दहा मिनिटे पुरेत. त्याला कंटाळा येण्याआधी तुम्हीच थांबा.

हा मार्ग आपल्याकडे नवा नाही. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्या साथीने १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा केला आणि १९४५ पासून बोर्डी परिसरात गावातील मुलांसाठी बालवाडीचे काम आरंभले, ज्यात अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. महागड्या साधनांऐवजी पाने, बिया, खडे, शिंपले घेऊन त्यांनी मुलांना शिकवले. तुमच्या अंगणात यातले काय नाही?

जेवणाची, झोपेची आणि गोष्टीची वेळ मात्र ठरलेली असावी, कारण लहान मुलाला त्या नेमातच निर्धास्त वाटते. ज्या दिवशी तुमचा आवाज चढू लागेल, त्या दिवशी धडा तिथेच मिटवून दोघांना घेऊन शेताकडे फिरून या. त्याने काही बुडत नाही. सासूबाईंची काळजी नातवाच्या मायेपोटी आहे. दुपारची गोष्ट आणि कोडी त्यांच्याकडे सोपवली, तर तो काय काय शिकतो आहे, हे त्यांना स्वतःलाच दिसेल.

कन्नडची चिंता रास्त आहे. २०१५ च्या कायद्यानुसार कर्नाटकातील शाळांत कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकावी लागते, त्यामुळे पुढे शाळेत घातल्यास ती लागणारच. घरातले बोलणे आणि गोष्टी भरभरून मराठीतच असू द्या, आणि रोज संध्याकाळी कन्नड बोलणाऱ्या मुलांत त्याला मनसोक्त खेळू द्या. बाजारात भाजीवालीशी तुम्ही कन्नडमध्ये बोलता, तेव्हा त्याला सोबत न्या. प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगत बसू नका.

एक व्यवहाराची बाब. १ एप्रिल २०१० पासून लागू असलेला शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे आणि त्यात घरशिक्षणाची वेगळी तरतूद नाही. तेव्हा मुलगा सहा वर्षांचा होण्यापूर्वीच गटशिक्षणाधिकारी कार्यालयात चौकशी करावी. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या मुक्त मूलभूत शिक्षणात तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष अशा तीन पातळ्या आहेत, त्यांचीही माहिती घ्या. पुढे कधी शाळेत घालावेसे वाटले, तर याच कायद्याप्रमाणे त्याला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो आणि मागे राहिलेले भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचाही त्याला हक्क आहे.